रांगेतला माणूस, पडद्यावरचं नाव

रॉक कॉन्सर्टबद्दल लिहिणारे बहुतेक जण पहिल्या गाण्यापासून सुरुवात करतात. मला त्याआधीच्या चार-पाच तासांबद्दल लिहायचं आहे. स्टेडियमची फाटकं अजून बंद आहेत, ऊन आहे, रांग भिंतीला वळसा घालून दूरवर गेली आहे. मैदानात उभं राहून ऐकण्याचं तिकीट ज्यांनी काढलं आहे त्यांना ठरलेली जागा नसते. जो आधी आत शिरेल तो रंगमंचाच्या जवळ. म्हणून खरे वेडे पहाटेपासून, कधी आदल्या रात्रीपासून येऊन बसतात, आपला नंबर पेनानं हातावर लिहून ठेवतात. या रांगेतून एकसारखे टी-शर्ट घातलेली काही मुलं-मुली पुढे सरकत असतात. हातात परीक्षेला नेतो तसलं पॅड, नाहीतर फोन. त्यांना पैसे नको असतात. त्यांना हवं असतं नाव, ईमेल आणि पिनकोड.

यू-टू या आयरिश बँडच्या २००५-०६ च्या ‘व्हर्टिगो’ आणि २००९ ते २०११ च्या ‘३६०°’ दौऱ्यांत हे दृश्य नेहमीचं होतं. मोहिमेचं नाव ‘वन’. जगातल्या टोकाच्या गरिबीविरुद्ध, विशेषतः आफ्रिकेतली गरिबी आणि टाळता येण्याजोगे रोग यांविरुद्ध, श्रीमंत देशांच्या सरकारांवर दबाव आणायचा हा तिचा उद्देश. ‘३६०°’ दौऱ्याचे ११० कार्यक्रम झाले आणि सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली. इतकी माणसं एका जागी, उत्साहात आणि काही तास दुसरं काहीच काम नसलेली, कुठल्याही चळवळीला एरवी कुठे मिळणार?

या कामाबद्दल आजवर दोनच प्रकारचं लिखाण माझ्या वाचनात आलं आहे. एक आयोजकांचं, त्यात आकडे असतात: इतक्या लाख सह्या, इतके नवे पाठीराखे. दुसरं टिंगलखोरांचं: गाणं ऐकायला आलेल्यांनी पाच सेकंदांत नाव लिहिलं म्हणून कुणाच्या घरात चूल पेटते का? दोघेही एकच मोजपट्टी वापरतात, सहीची किंमत. एकाला ती फार वाटते, दुसऱ्याला शून्य. मला हा सगळा प्रकार एक कलाप्रकार म्हणून तपासावासा वाटतो. त्याला रचना आहे, श्रोता आहे, परंपरा आहे. आणि त्याचं यश-अपयशही त्या रचनेतच शोधायला हवं.

तिकिटापासून नावापर्यंत

परंपरेपासून सुरुवात करू. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ केली. एकाच दिवशी दोन खेळ, मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवत होते, तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, असं रविशंकरांनी हसत सुनावलं. हा किस्सा आपण श्रोत्यांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंही काही दिसतं: त्या टाळ्या सद्भावनेच्या होत्या. श्रोता ऐकण्याआधीच पाठिंबा देऊन मोकळा झाला होता. पुढे या प्रकारच्या प्रत्येक कार्यक्रमात ही अडचण आहे.

त्या दिवशी श्रोत्याकडून मागितलं होतं ते फक्त तिकिटाचं मोल. दारावर जमलेले सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचा पैसा मात्र करमाफीची कागदपत्रं आधी न केल्यामुळे वर्षानुवर्षं अडकून पडला. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मध्ये, वेम्ब्ली आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणांहून, बॉब गेल्डॉफनं टीव्हीसमोर बसलेल्यांकडे फोनवरून पैसे मागितले. इथियोपियातला दुष्काळ डोळ्यांसमोर होता; देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये फक्त एक टेलिफोन होता.

मग पैशाच्या जागी नाव का आलं? उत्तर हिशेबात आहे. ‘लाइव्ह एड’नं एवढा गाजावाजा करून जे जमवलं, जवळपास तेवढी रक्कम आफ्रिकी देश श्रीमंत देशांना कर्जाच्या हप्त्यांपोटी दर आठवड्याला देत होते, हे बोनो पुढे ठिकठिकाणी सांगत असे. म्हणजे झोळी भरत होती आणि तिला खालून भोक होतं. हे भोक दानानं बुजणार नव्हतं, कायद्यानं आणि करारानंच बुजणार होतं. ‘ज्युबिली २०००’ या कर्जमाफीच्या मोहिमेनं हे ओळखलं. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत राष्ट्रांची शिखर परिषद भरली, तेव्हा सुमारे सत्तर हजार लोकांनी शहराभोवती साखळी केली. मोहिमेच्या अर्जावर जगभरातून दोन कोटी चाळीस लाख सह्या जमल्या. २००४ मध्ये अमेरिकेत अकरा सेवाभावी संस्थांनी मिळून ‘वन’ सुरू केलं, ते याच धड्यावर. पैसे नकोत, आवाज हवा. अमेरिकी अंदाजपत्रकातला आणखी एक टक्का जगातल्या गरिबांसाठी द्या, ही मागणी. नावातला ‘एक’ त्या टक्क्याचाही होता.

रांगेतल्या त्या मुलीचं वाक्य या तीस-पस्तीस वर्षांच्या वाटचालीतून आलेलं आहे. तिला ते ठाऊक असेल किंवा नसेल. पण ती पैसे मागत नाही, तेव्हा एक राजकीय विधान करत असते: गरिबी ही दयेची बाब नाही, धोरणाची आहे. हे विधान दोन मिनिटांत, उन्हात, समोरच्याचं लक्ष फाटकाकडे असताना करायचं, ही सोपी गोष्ट नाही.

गाणं आणि अर्ज

रात्री आत काय घडायचं? ‘व्हर्टिगो’ दौऱ्यात ‘वन’ या गाण्याच्या वेळी बोनो श्रोत्यांना खिशातले फोन बाहेर काढायला सांगे. दिवे मंद होत आणि हजारो छोटे पडदे उजळत. फोनवरून आपलं नाव पाठवा, मोहिमेत सामील व्हा. पाठवलेली नावं नंतर मोठ्या पडद्यावर सरकत जात. ‘३६०°’ दौऱ्यात याच गाण्याआधी डेझमंड टुटू यांचं चित्रफितीतलं आवाहन असे. शिकागोची २००५ ची आणि पासाडीनाच्या रोझ बोल मैदानावरची २००९ ची, अशी दोन्ही चित्रमुद्रणं मी अनेकदा पाहिली आहेत. दिव्यांचा तो समुद्र पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या चित्रमुद्रणांत रांगेतली ती मुलगी मला सापडत नाही. कॅमेऱ्याला समुद्र हवा असतो, थेंबाशी बोलणारं माणूस नको असतं.

इथे या प्रकाराचा मुख्य अंतर्विरोध आहे. मोठ्या मैदानातलं गाणं माणसाला विरघळवतं. पन्नास हजार गळे एक ओळ म्हणतात तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, आणि तोच तर आनंद. पंढरीच्या वाटेवर चालताना किंवा विसर्जनाच्या ताशात उभं असताना हा आनंद आपण घेतलेला असतो. अर्जाला याच्या बरोबर उलट गोष्ट लागते. अर्जाला विरघळलेला माणूस चालत नाही. त्याला नाव, पत्ता, मतदारसंघ असलेला, उद्या सकाळी आपल्या खासदाराला फोन करू शकेल असा सुटा माणूस लागतो. गाणं म्हणतं, तू आता फक्त तू नाहीस. अर्ज म्हणतो, तू नेमका कोण आहेस ते लिही.

आणि गाणं तरी कुठलं निवडलं? ‘वन’ हे १९९१ च्या ‘अख्तुंग बेबी’मधलं गाणं. बर्लिनमध्ये बँड फुटण्याच्या बेतात असताना ते सुचलं. ऐक्याचं गीत म्हणून लोक ते लग्नात वाजवतात, याचं बोनोनं स्वतःच आश्चर्य व्यक्त केलं आहे. कारण ते दुरावलेल्या माणसांचं, कडवट गाणं आहे. एकरूप न होताही एकमेकांचा भार उचलावा लागतो, अशी त्याची तक्रारवजा समज आहे. मला वाटतं, मोहिमेला या गाण्याचा खरा अर्थ जास्त उपयोगी पडला असता. लिलाँग्वेमधली आई आणि लॉस एंजेलिसमधला श्रोता एक नाहीत. त्यांच्यात प्रचंड अंतर आहे, आणि त्या अंतरात श्रोत्याच्या सरकारची धोरणं उभी आहेत. पण मैदानात गाणं उलगडून सांगायला वेळ नसतो. तिथे कडवटपणा गळून जातो आणि उरतो तो फक्त ‘एक’.

पडद्यावर आपलं नाव दिसलं की कामाची सुरुवात होते की शेवट? मला वाटतं, बहुतेकांच्या बाबतीत शेवट. नाव झळकलं, मित्राला दाखवलं, देणं फिटलं. रांगेत लिहिलेल्या नावाचं तसं होत नाही. तिथे कुणीतरी डोळ्यांत बघून विचारलेलं असतं, आपण एखादा प्रश्न केलेला असतो, कदाचित थोडा वादही घातलेला असतो. टिंगलखोर ज्याला सर्वांत हास्यास्पद समजतात तो पॅडवाला भागच मला या सगळ्यातला सर्वांत भक्कम वाटतो, आणि ज्याची सगळे वाहवा करतात तो दिव्यांचा समुद्र सर्वांत ठिसूळ.

काय फळलं, काय वाळलं

२ जुलै २००५ ला ‘लाइव्ह ८’ झालं. चार दिवसांनी स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सला आठ श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख भेटणार होते. लंडनच्या हाइड पार्कची तिकिटं फोनवरच्या संदेशाद्वारे सोडत काढून दिली गेली. ती फुकट तिकिटं लगेच ई-बेवर विकायला आली आणि गेल्डॉफ संतापला. त्याच दिवशी एडिंबरामध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास लोक पांढरे कपडे घालून रस्त्यावर चालले. टीव्हीवर दिवसभर हाइड पार्क होतं. चालणारे लोक बातम्यांत आले ते गाण्यांच्या मधल्या वेळात.

परिषदेतून दोन मोठ्या गोष्टी निघाल्या. एक, अतिगरीब देशांचं आंतरराष्ट्रीय संस्थांकडचं कर्ज माफ. सुरुवातीला अठरा देश, सुमारे चाळीस अब्ज डॉलर. दोन, २०१० पर्यंत वार्षिक मदत पन्नास अब्ज डॉलरनं वाढवण्याचं वचन, त्यातला निम्मा वाटा आफ्रिकेला. पहिली गोष्ट प्रत्यक्षात आली. दुसरी अर्धवट राहिली, आणि आफ्रिकेच्या वाट्याला वचनापेक्षा बरंच कमी आलं.

हा फरक मला या विषयाची गुरुकिल्ली वाटतो. कर्जमाफी एकदाच सही करून होते. त्यासाठी एका आठवड्याचा प्रचंड दबाव पुरतो, आणि कॉन्सर्ट तेवढा दबाव निर्माण करू शकते. वाढीव मदत मात्र दर वर्षी, प्रत्येक अंदाजपत्रकात, प्रत्येक निवडणुकीनंतर नव्यानं मागावी लागते. तिला एका रात्रीचा उत्साह पुरत नाही. तिला कंटाळवाणी चिकाटी लागते: पत्रं, फोन, स्थानिक सभा, खासदाराच्या कचेरीतल्या खुर्चीवरचा तासभर.

जिथे ती चिकाटी होती, तिथे नावांचा उपयोग झाला. अमेरिकेचा एड्सविरोधी कार्यक्रम, पेपफार, २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी जाहीर केला: पाच वर्षांत पंधरा अब्ज डॉलर. २००८ मध्ये त्याची मुदत वाढवताना एड्स, क्षय आणि हिवताप मिळून रक्कम अठ्ठेचाळीस अब्जांवर गेली, आणि दोन्ही पक्षांनी मतं दिली. त्यामागे फक्त ‘वन’ नव्हतं. चर्च होते, डॉक्टर होते, आणि सर्वांआधी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटना होत्या. पण एखाद्या पुराणमतवादी मतदारसंघातल्या प्रतिनिधीला, तुमच्या भागातल्या इतक्या लोकांना हे हवं आहे, असं सांगता आलं, त्यात रांगेत लिहिलेल्या पिनकोडांचाही वाटा होता, असं मी मानतो. या कार्यक्रमानं सुमारे अडीच कोटी प्राण वाचवले, असा अमेरिकी सरकारचाच हिशेब सांगतो.

मंचावर कोण नव्हतं

आता दुसरी बाजू. हाइड पार्कच्या ‘लाइव्ह ८’मध्ये आफ्रिकी कलाकार जवळपास नव्हतेच, युसू न्दूरसारखा एखादा अपवाद. ओरड झाल्यावर पीटर गेब्रियलच्या पुढाकारानं कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्टमध्ये आफ्रिकी संगीतकारांचा वेगळा कार्यक्रम झाला, मुख्य मंचापासून शेकडो मैल दूर. ज्यांच्यासाठी गाणं, त्यांनाच वेगळी पंगत. आपल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. झांबियाच्या अर्थतज्ज्ञ डंबिसा मोयो यांनी २००९ च्या पुस्तकाला ‘डेड एड’ असं नाव दिलं. त्यांचे सगळे आर्थिक निष्कर्ष मला पटत नाहीत, पण आफ्रिकेच्या वतीनं आफ्रिकेबाहेरचे गायक बोलतात आणि निवडून आलेले आफ्रिकी नेते बाजूला उभे राहतात, हा त्यांचा राग खरा आहे. ‘गरिबी इतिहासजमा करा’ लिहिलेल्या पांढऱ्या मनगटपट्ट्यांपैकी काही ज्या चिनी कारखान्यांत बनल्या तिथल्या कामगारांच्या हालांच्या बातम्या २००५ मध्येच आल्या होत्या. आणि ज्या बँडनं सरकारांकडे अंदाजपत्रकातला वाटा मागितला, त्यानंच २००६ मध्ये, आयर्लंडनं कलावंतांच्या करमाफीवर मर्यादा घातल्यावर, आपल्या व्यवसायाचा एक भाग नेदरलँड्समध्ये हलवला. २०११ मध्ये ग्लास्टनबरीला काही तरुण निदर्शकांनी कराबद्दल प्रश्न विचारणारा मोठा फुगा यू-टूच्या गाण्याच्या वेळी हवेत फुगवला. सुरक्षारक्षकांनी तो ओढून खाली आणला.

मला या संध्याकाळीबद्दल कुतूहल आहे. फुगा घेऊन आलेली मुलं आणि पॅड घेऊन फिरणारी मुलं वयानं, कपड्यांनी, कळकळीनं एकसारखीच असतील. एकाला मैदानात जागा होती, दुसऱ्याला नव्हती. कॉन्सर्टमधल्या प्रचाराची मर्यादा इथे दिसते: तिथे सरकारला प्रश्न विचारता येतो, यजमानाला नाही.

आपल्याकडे गाण्यातून माणसं जोडण्याची रीत वेगळी होती. १९४३ मध्ये मुंबईत इप्टा स्थापन झाली, बंगालच्या दुष्काळानं ती पेटली. पुढच्याच वर्षी अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊ लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. त्यांच्यासमोर चाळीच्या पटांगणात बसलेला श्रोता स्वतः रेशनच्या रांगेतून आलेला असे. बंगालच्या भुकेबद्दल तो ऐके तेव्हा ती त्याला परकी वाटत नसे. पदरचं काही तो टाके, ते शेजाऱ्याला दिल्यासारखं. तिथे गाणारा, ऐकणारा आणि ज्याच्यासाठी गायचं तो, यांच्यात हातभराचं अंतर होतं. पाठीराखा वेगळा शोधावा लागत नव्हता. जमलेला प्रत्येक जण आधीच त्या लढ्यात होता.

त्या काळाकडे परत चला, असं मी म्हणत नाही. जिथे अंतर खरोखर हजारो मैलांचं आहे तिथे शाहिरी जवळीक आणता येणार नाही, आणणं खोटंही ठरेल. पण त्या रीतीतून एक कसोटी मिळते: ज्याच्या दुःखावर पाठिंबा मागितला जातो, त्याला मंचावर बोलता येतं का? आनंदवनात विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद या कसोटीला उतरतो. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलाकार स्वतः गातात, वाजवतात, नाचतात. श्रोत्याला दया दाखवायला फुरसतच मिळत नाही. आधी दाद द्यावी लागते. मग मदतीचा विषय निघाला तरी तो बरोबरीच्या माणसांत निघतो.

मिठीच्या अलीकडे

१९ नोव्हेंबर २०१६ ला ही परंपरा मुंबईत आली. ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सव २०१२ पासून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये होतो. त्याची रीत वेगळी: तिकीट विकत घेण्याऐवजी कमवायचं. अर्जावर सही करा, नेत्याला ईमेल पाठवा, ट्वीट करा, त्याचे गुण जमतील, मग सोडत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर कोल्डप्ले आणि जे-झी आले, ए. आर. रहमान आले, पंतप्रधान चित्रफितीच्या माध्यमातून बोलले. विषय होते शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी आणि स्वच्छता. नोटाबंदीला अकरा दिवस झाले होते. शहरात त्या शनिवारी दोन प्रकारच्या रांगा होत्या, एक मैदानाच्या फाटकाशी आणि दुसरी एटीएमपाशी. मैदानापलीकडे मिठी नदी, आणि तिच्या पलीकडे धारावी, जिथे शौचालय आणि पाणी हे गुण मिळवण्याचे विषय नाहीत.

इथे मला रचनाच बदललेली दिसते. ‘वन’च्या रांगेत तिकीट तुमच्या खिशात आधीच असे, सही केली काय, न केली काय, गाणं ऐकायला मिळणारच होतं. म्हणून ती सही, कितीही हलकी असली तरी, स्वखुशीची होती. इथे सही हेच तिकीट झालं. गायकाला पाहण्यासाठी मी मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा देतो, तेव्हा मोजणाऱ्याला काय कळतं? मला गाणं आवडतं एवढंच. आणि ज्याला दबाव आणायचा, ते सरकारच मंचावर पाहुणं म्हणून येतं, वचन देतं, टाळ्या घेतं. अर्ज ज्याच्या नावे लिहायचा तोच सत्काराला उभा राहिला, तर अर्ज द्यायचा कुणाला? गुणांच्या या पद्धतीतून हजारो तरुणांनी पहिल्यांदाच स्वच्छतेच्या प्रश्नावर काही वाचलं असेल, हे मी नाकारत नाही. पण यात रांगेतली ती मुलगी नाहीशी झाली. तिची जागा ॲपनं घेतली. वाद घालायला, शंका विचारायला समोर कुणीच उरलं नाही.

आपल्या गणेशोत्सवात वर्गणी मागायला येणारी पोरं कितीही वैताग देवोत, त्यांच्या हातात पावतीपुस्तक असतं आणि ती याच गल्लीत राहतात. पैशाचं काय केलंत, हे पुढच्या वर्षी दारात उभं करून विचारता येतं. नाव घेणाऱ्या मोहिमेनंही पावती द्यायला हवी: तुमच्या नावाचं आम्ही हे केलं, हे मत मिळालं, हे हुकलं, आता अमुक कचेरीत या. ‘स्वयंसेवक’ आणि ‘कार्यकर्ता’ हे दोन शब्द मराठीनं वेगळे ठेवले आहेत ते उगीच नाही. स्वयंसेवक कार्यक्रम संपेपर्यंत असतो. कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंज्या मोजायला येतो.

परीक्षेचं वर्ष

हे सगळं आज लिहावंसं वाटण्याचं कारण २०२५ आहे. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एका आदेशानं थांबवली. १ जुलैला यूएसएड ही साठहून अधिक वर्षांची संस्था बंद होऊन उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. निरोपाच्या चित्रफितीत बुश होते, ओबामा होते, आणि बोनोही होता. त्यानं कविता म्हटली. वीस वर्षांत स्टेडियमच्या रांगांमध्ये लिहिलेली लाखो नावं त्या दिवशी कुठे होती, हा प्रश्न टिंगलखोर विचारतील आणि त्यांना तो विचारायचा हक्क आहे. दिव्यांचा समुद्र रस्त्यावर आला नाही.

पण त्याच जुलैमध्ये अमेरिकी संसदेनं सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या कपातीला मंजुरी दिली, तेव्हा पेपफारचे चाळीस कोटी डॉलर त्यातून वगळावे लागले. सत्ताधारी पक्षाच्याच काही सेनेटरांनी ते कापायला नकार दिला. इतर जे कापलं गेलं त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे, आणि आधीच बंद पडलेल्या दवाखान्यांना तिनं उघडलं नाही. तरीही ती नेमकी त्या कार्यक्रमाची आहे ज्याच्यासाठी वीस वर्षं मतदारसंघवार, नावानिशी, दोन्ही पक्षांत चिवटपणे माणसं जोडली गेली होती. जिथे नुसते दिवे लागले होते तिथे अंधार पडला. जिथे कुणीतरी पिनकोड लिहून घेऊन नंतर फोन केला होता, तिथे थोडं तगलं.

म्हणून रांगेतल्या त्या मुलीवर हसणं मला जमत नाही, आणि तिचा उदोउदोही करावासा वाटत नाही. तिच्या कामाची खरी समीक्षा एकाच प्रश्नानं होते, आणि तो गायकाला, आयोजकाला आणि नाव लिहिणाऱ्या श्रोत्यालाही लागू आहे: गाणं संपल्यावर, मैदान झाडून झाल्यावर, त्या कागदांचं पुढे कोण काय करणार आहे? याचं उत्तर ज्या मोहिमेकडे आहे, तिला माझं नाव खुशाल द्यावं. आणि दिल्यावर तिनं फोन केला, तर उचलावा.